मखर अनलिमिटेड आणि प्रपोझिशन नऊ

१३ एप्रिल २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. नोकरदार माणूस डायरी लिहितो, व्यापारी रोजनिशी ठेवतो. ठराव: रोज लिहायचं. खाडा नाही.

काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, फॉर्म भरून टाकला. इथे टेक्ससमध्ये घरावर लागतो तसा धंद्याच्या मालावरही प्रॉपर्टी टॅक्स लागतो. एक जानेवारीला माल जिथे असेल तिथे. विकला गेला काय, न गेला काय, सरकारला सोयरसुतक नाही. माझा माल एक जानेवारीला फ्रिस्कोतल्या माझ्याच घरी होता. खालच्या बेडरूममध्ये आणि गराजमध्ये. अजून तिथेच आहे.

माल म्हणजे पेणहून मागवलेली फोल्डिंग मखरं, एकशे साठ. एमडीएफची, सोनेरी महिरप, आत दिव्यांची माळ. कंपनी: मखर अनलिमिटेड एलएलसी. नाव मीच ठेवलेलं.

फॉर्म ऑनलाइन. लोक यासाठी सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, पैसे देतात, कमाल आहे. मी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूए लीड आहे. लोकांनी कुठल्या रकान्यात काय चुकीचं टाकलं हे शोधण्यातच हयात गेली. पेणचं बिल समोर ठेवलं, आकडा उतरवला, झालं. फक्त किमतीच्या रकान्याला माझे स्वल्पविराम पटेनात. १,९२,००० टाकलं की लाल व्हायचा. स्वल्पविराम काढले तसा गुमान घेतला. असले फॉर्म टेस्ट कोण करतं देव जाणे.

बायको, उल्का, म्हणत होती की परीक्षितला एकदा दाखव. परीक्षित तिचा मावसभाऊ, सीपीए. त्याला दाखवलं की तो हसतो. नको.

तिने दुसरी आठवणही केली. तिची आई नोव्हेंबरमध्ये नागपूरहून येणार, कायमची. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, तेव्हा खालची बेडरूम त्यांची. मी म्हटलं, गणपतीपर्यंत एक मखर दिसणार नाही. शब्द दिला.

१६ मे, शुक्रवार

मध्ये खाडा झाला. ऑफिसात रिलीज होती.

काउंटीचं पत्र आलं. सरकारने माझ्या धंद्याची किंमत ठरवली: एक लाख ब्याण्णव हजार डॉलर. पुन्हा वाचलं. डोळे पाणावले. सतरा वर्षं अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' घेत आलो, आणि इथे एका परक्या देशाच्या सरकारने, न मागता.

पत्र फ्रेम करून खालच्या बेडरूममध्ये लावलं. देवघराच्या ड्रॉवरमध्ये चंदनाचा हार होता, तो घातला. उल्का म्हणाली की चंदनाचा हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. काही लोकांना दुसऱ्याचं भलं बघवत नाही.

पत्राच्या तळाशी लिहिलंय की किंमत मान्य नसेल तर मुदतीत तक्रार करा. मान्य का नसेल?

इशिताचं मत असं की कोणी विकत घेतलं तरच व्हॅल्यू. हायस्कूलमध्ये इकॉनॉमिक्स घेतल्यापासून पोरगी फार बोलायला लागली आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

अकरा गेली.

बाकीची जातील. लोक शेवटच्या क्षणी घेतात.

शंतनूकडे आरतीला गेलो. त्याने माझं मखर मांडलं होतं, यारी निभावली. पण त्याचा गणपती पुण्याहून केबिन बॅगेत आलेला, वीतभर. तीन फुटी मखरात रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये एकटी स्कूटर उभी असावी तसा दिसत होता. शंतनू म्हणाला, गुरू, यार, इथे सगळ्यांचे गणपती वीतभरच असतात, बॅगेत बसायला हवेत ना. मी म्हटलं, मूर्ती मोठी करा. मार्केटने मालाकडे यायला हवं.

दिव्यांची माळ लागली नाही. २२० व्होल्टची, आणि पिनही तिकडची. ही पेणवाल्याची चूक. मी कुठे राहतो हे त्याला माहीत होतं.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज चार मखरं परत आली. एकजण म्हणाला की कुत्र्याने महिरप खाल्ली, पैसे परत द्या. दिले. व्यापारात गुडविल महत्त्वाची.

उल्काने खालच्या बेडरूमचं दार उघडून दाखवलं. पलंगाएवढी जागासुद्धा दिसत नव्हती. मी म्हटलं, नवरात्र आहे, दिवाळी आहे, देवीही मखरात बसते. ती म्हणाली, आई आठ नोव्हेंबरला उतरते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

टॅक्सचं बिल आलं. साडेतीन हजार डॉलर.

बसून पुन्हा वाचलं. साडेतीन हजार. सासूबाईंच्या बाथरूममध्ये भिंतीला दांडे, बसायची सीट आणि बिनउंबऱ्याचा शॉवर करायचा म्हणून उल्काने बाजूला ठेवलेत नेमके तेवढेच. आता कळलं धंदा का बसला. हा टॅक्स. विकला न गेलेल्या मालावर टॅक्स म्हणजे उपाशी माणसाकडून जेवणाचं बिल घेणं. उल्काने विचारलं की बिल आज आलं तर धंदा सप्टेंबरात कसा बसला. तिला अर्थशास्त्राचं अंग नाही.

पण देव आहे. चार नोव्हेंबरला सगळ्या राज्याचं मतदान आहे, सतरा प्रपोझिशन्स, म्हणजे राज्याच्या घटनेत दुरुस्तीचे प्रस्ताव. त्यातलं नववं: धंद्याच्या माल-सामानाला सव्वा लाख डॉलरपर्यंत प्रॉपर्टी टॅक्स माफ. सध्या फक्त अडीच हजारांपर्यंत माफ आहे, म्हणजे चहाच्या टपरीसाठी. पाचवं आहे विकायला ठेवलेल्या पशुखाद्याला माफीचं. पेंडीचासुद्धा विचार झालाय या राज्यात.

नऊ. नवग्रह, नवरात्र, नवविधा भक्ती. योगायोग नाही हा.

मी गेल्या वर्षी नागरिक झालो. हे माझं पहिलं मत. आजवर उगाच वाटायचं की एका मताने काय होतं. आता कळलं. ठराव: निदान शंभर मराठी मतं नऊच्या बाजूने पाडायची. चार तारखेच्या सुट्टीसाठी ऑफिसात सांगितलं की डेंटिस्टकडे जायचंय.

बिल अमेंडमेंट पास होईपर्यंत भरायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. जानेवारीअखेर मुदत आहे, हेही आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

फोन मोहीम. प्रतिसाद अफाट.

शंतनू: संपूर्ण पाठिंबा. तो एच-वन-बीवर आहे, मत नाही. नेत्रा: म्हणाली अन्याय आहे हा, लढा द्यायलाच हवा. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, तिचा नंबर येईपर्यंत तिची मुलं निवृत्त होतील. सौमित्र: एकदम कडक बोलला सरकारबद्दल. स्टुडंट व्हिसा. केदार: त्याला मत आहे, पण तो वर्जिनियात, अ‍ॅशबर्नला. तिथून मत देता येतं का विचारत होता. सावनी म्हणाली, काका, माझा फुल सपोर्ट, फक्त माझं नाव कुठे टाकू नका, माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग आहे पुढच्या महिन्यात.

एकूण पाठिंबा: प्रचंड. एकूण मतं: अजून मोजदाद चालू आहे.

मत असलेला एकच माणूस हाताला लागला. जगन्नाथकाका. सत्तरच्या दशकात आलेले, इथल्या मराठी मंडळाचे संस्थापक. ते म्हणाले, शाळा कशावर चालतात रे, ह्याच टॅक्सवर ना? तुझी पोरगी फुकट शिकली तेव्हा बरं होतं. जुनी पिढी आहे. समजावणं वाया. मंडळाच्या दिवाळीला पुन्हा गाठणार.

२० ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

आजच अर्ली व्होटिंग सुरू झालं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापाऱ्यांच्या टॅक्सवर मतदान. याहून स्पष्ट संकेत असू शकत नाही. मी मात्र आज मत देणार नाही. पहिलं मत खऱ्या दिवशीच, चार तारखेला. त्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी आहे.

उल्का आणि इशिता पणत्या आणायला गेल्या होत्या, येताना लायब्ररीत मत देऊन आल्या. इशिता सप्टेंबरात अठराची झाली. काय दिलं विचारलं तर दोघी म्हणाल्या की मत गुप्त असतं. घरातल्या घरात कसली गुप्तता. दोन मतं धरली आहेत. एकूण: तीन.

पूजेत लॅपटॉप ठेवला, फ्रेम केलेलं पत्र ठेवलं. उल्काने पत्रावरचा हार तेवढा काढायला लावला, लक्ष्मीसमोर अभद्र दिसतं म्हणे. पूजा झाल्यावर परत घातला.

बाहेर लॉनवर एक मखर उभं केलंय, आत पाटीवर मोठा नऊचा आकडा. रात्रीसाठी माळ लावली असती पण ती २२० व्होल्टची.

२३ ऑक्टोबर

एचओएचं, म्हणजे इथल्या घरमालकांच्या सोसायटीचं, पत्र. लॉनवर विनापरवाना बांधकाम. बांधकाम म्हणे. फोल्डिंग आहे ते, हे त्यांना घडी घालून दाखवणार होतो. उल्काने आधीच घडी घातली.

शेजारची लिंडा कुंपणाशी उभी राहून विचारत होती की हे सुंदर घर कशाचं आहे. देवाचं, असं सांगितलं. ती म्हणाली, कुठल्या देवाचं? मी म्हटलं, कोणत्याही. मग तिला प्रपोझिशन नऊ समजावलं. तिने मान डोलावली. एकूण: चार.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मंडळाची दिवाळी. दाराशीच माझा स्टॉल. मखरात नऊचा आकडा, समोर पत्रकं मराठीत. उद्देश प्रबोधनाचा. पहिली आलेली काकू नवीन देवस्थान समजून हात जोडून गेली. तिच्यामागची रांगच जोडत गेली. कोणीतरी आत एक डॉलर टाकला. मग पाच टाकले. प्रबोधन कमी झालं पण बोहनी झाली.

जगन्नाथकाकांना गाठलं. या खेपेस ते शांत होते, ऐकत होते. विचारलं, तुझा माल आहे तरी केवढ्याचा? मी सांगितलं, काउंटीच्या हिशेबाने एक लाख ब्याण्णव हजार. त्यांनी विचारलं, नग किती? एकशे साठ. एक मखर केवढ्याला विकतोस? एकोणनव्वद डॉलर. काकांनी पुन्हा विचारलं, नग किती म्हणालास? सांगितलं. मग त्यांनी एक चकली घेतली आणि ती सावकाश खात माझ्याकडे बघत राहिले.

मत वळतंय. एकूण: पाच.

२६ ऑक्टोबर, रविवार

काकांच्या त्या चकलीने काहीतरी डोक्यात राहिलं होतं म्हणून नववं प्रपोझिशन नीट वाचलं. माफी सव्वा लाखांपर्यंत. माझा माल एक लाख ब्याण्णव हजारांचा. म्हणजे पास झालं तरी वरच्या सदुसष्ट हजारांवर मी टॅक्स भरणारच. शिवाय लागू होणार एक जानेवारी २०२६पासून. यंदाचं बिल आहे तसंच.

जेवण गेलं नाही.

संध्याकाळी बरं वाटलं. विचार केला की माफी लहान व्यापाऱ्यांसाठी आहे, आणि मी त्यात मावत नाही. म्हणजे मी लहान व्यापारी नाही. आता मोहीम स्वार्थासाठी राहिली नाही, तत्त्वासाठी झाली. उल्काला हे सांगितलं. ती खालच्या बेडरूमच्या दाराची रुंदी मोजत होती, आईचा वॉकर जातो का बघायला. म्हणाली, दारातून जाईल, पुढे कुठे जाईल ते तू सांग.

नवीन ठराव: पास झालं की दुसरा कंटेनर. पेणला कोटेशन विचारलं. या खेपेस वीतभर मूर्तीची मखरं. मार्केटचं ऐकणारा मी पहिल्यापासूनच आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार. मतदान

टी-शर्ट छापून घेतले होते: 'नऊला हो म्हणा'. वीस. एक मी घातला, एकोणीस इन्व्हेंटरीत.

मतदान केंद्राच्या दाराशी एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी शर्टकडे बोट दाखवून विचारलं की ही सुंदर लिपी कोणती. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, आणि लिहिलंय काय? नागरिकाने खोटं बोलू नये. मी इंग्रजीत अर्थ सांगितला, वर प्रपोझिशन नऊचे फायदेही. बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या की केंद्राच्या शंभर फुटांच्या आत प्रचार चालत नाही, शर्ट उलटा करून या.

पार्किंग लॉटमध्ये, गाडीच्या आडोशाला, आयुष्यातल्या पहिल्या मतासाठी शर्ट उलटा केला. शिवणी बाहेर. लेबल गळ्याशी. आत गेलो. सतरापैकी पंधरा प्रपोझिशन्स वाचली नव्हती. नऊला हो दिलं, नीट उमटलं का ते दोनदा तपासलं. बाकीच्यांना अंदाजाने दिली. पशुखाद्याला हो म्हटलं, आपण कोणाचं वाईट चिंतत नाही.

स्टिकर मिळाला. उलट्या शर्टावर लावला.

५ नोव्हेंबर, बुधवार

पास.

लाखो मतांनी पास. सतराच्या सतरा पास झाली, पण नऊबद्दल लोकांमध्ये वेगळी जागृती होती हे नक्की. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: विजय आपला. शंतनूने अंगठा पाठवला. नेत्राने हात जोडले. जगन्नाथकाकांनी चकलीचा फोटो पाठवला, बहुधा चुकून.

जेवताना कोण काय बोललं त्याची नोंद ठेवतो. मी म्हटलं, आपल्या घरची तीन मतं कामी आली. इशिता म्हणाली की तिने हो म्हटलं, पण माझ्यासाठी नाही, तिची मैत्रीण आन्या, तिच्या आईच्या कपड्यांच्या दुकानासाठी, कारण ते दुकान खरंच चालतं. मग उल्का म्हणाली की तिने नाही म्हटलं.

मी भाकरी खाली ठेवली. का, विचारलं. ती म्हणाली, पास झालं तर तू दुसरा कंटेनर मागवशील. मी म्हटलं, असा अविश्वास? तेवढ्यात फोन वाजला, पेणवाल्याचं कोटेशन.

म्हणजे माझं मत तिच्या मताने खोडलं गेलं. सगळ्या मोहिमेअंती आमच्या घरातून नऊला जो काही हातभार लागला तो आन्याच्या आईमुळे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाई आल्या. एअरपोर्टवरून व्हीलचेअरवर. दोन बॅगा, एक डबा, आणि पोटाशी धरलेली पिशवी, ती कोणाला घेऊ देत नव्हत्या.

आदल्या दिवशी मी खोली लावली होती. मखरं तिन्ही भिंतींना छतापर्यंत, मध्ये पलंग. स्वतः झोपून बघितलं, उबदार वाटतं. सासूबाई दारात थांबल्या. म्हणाल्या, गुरुनाथराव, मी वॉकर आत नेऊ की मखरांना विचारू? नागपूरच्या आहेत, बोलणं तसंच.

बाथरूमला जाताना वॉकर दोनदा अडकला. दांडे अजून बसवलेले नाहीत, पैसे अडकलेत. इशिताने त्यांना हाताला धरून नेलं. मी बाहेर उभा होतो. उल्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सासूबाईंनी विचारलं, समोरच्या भिंतीवर हार घालून ते कोण आहे? चष्मा नव्हता त्यांच्याकडे. मी अभिमानाने सगळं सांगितलं. काउंटी, पत्र, एक लाख ब्याण्णव हजार डॉलर. चष्मा मागितला, वाचलं. त्या महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या, ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली नव्हती.

म्हणाल्या, डॉलरचे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये धरले तरी दीड कोटीच्या वर गेलं की हो. दीड कोटीची मखरं उशाला घेऊन झोपले काल? मग विचारलं, पेणवाल्याने एक मखर केवढ्याला दिलं? बाराशेला, मी म्हटलं. बाराशे काय?

मी म्हटलं, रुपये.

इशिता दारात होती. तिने तोंडावर हात ठेवला आणि ती हळूच निघून गेली. नंतर वरून तिच्या हसण्याचा आवाज आला, बराच वेळ.

पेणचं बिल रुपयांत. काउंटीचा रकाना डॉलरचा. मी आकडा उतरवला. स्वल्पविराम काढून.

क्यूए लीड. सतरा वर्षं.

फॉर्मवरच रुपयाचा पर्याय द्यायला हवा होता, एवढे भारतीय राहतात इथे. हे वाक्य लिहून बघितलं. मलाच पटलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षितला दाखवलं. हसला. अपेक्षेपेक्षा जास्त वेळ.

मग नीट बोलला, तसा चांगला मुलगा आहे. मालाची खरी किंमत बावीसशे डॉलरच्या आसपास. अडीच हजारांच्या आत असेल तर टॅक्स आधीपासूनच माफ आहे. म्हणजे प्रपोझिशन पाच, नऊ, सतरा, काहीही पास होवो न होवो, माझ्यावर टॅक्स कधी नव्हताच. चहाच्या टपरीची माफी होती ना ती, तीच माझी.

बिल दुरुस्त होईल, म्हणाला, जानेवारी संपायच्या आत अर्ज करू. फक्त काउंटीला पटवून द्यावं लागेल की माल फारसा किमतीचा नाही. मी म्हटलं, ते मी बघतो.

काकांना त्या चकलीच्या वेळीच कळलं होतं. भागाकार केला असणार. तोंडावर बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा की मजा, ठरवता येत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

काउंटीच्या बाईंचा फोन, स्पीकरवर. उल्का शेजारी. बाई सज्जन होत्या. रुपया-डॉलरचं त्यांना समजलं, म्हणाल्या की असं होतं, पण होतं असं वाटलं नाही त्यांच्या आवाजावरून. मग विचारलं, या वस्तूंना आज गिऱ्हाईक आहे का?

एक शब्द बोलायचा होता. नाही. परीक्षितने तेवढंच बोलायला शिकवलं होतं, दोनदा म्हणवूनही घेतलं होतं.

मी म्हटलं, मॅडम, ही पेणच्या कारागिरांची कलाकुसर आहे. महिरप बघा. तीन पिढ्या टिकेल. मार्केट अजून तयार नाही एवढंच, पण डिमांड प्रचंड आहे. बाईंनी विचारलं, म्हणजे किंमत वाढवून लिहू का?

उल्काने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि सांगितलं की अकरा गेली, चार परत आली, एकाची महिरप कुत्र्याने खाल्ली, आणि दिवे या देशात लागत नाहीत. आतून सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, वॉकर अडकतो तेही सांग. उल्काने तेही सांगितलं. बाईंनी फोटो मागितले. इशिताने काढले, एका फोटोत मखरांच्या मध्ये पलंगावर आजी, वॉकर हातात. तो फोटो निर्णायक ठरणार असं दिसतंय.

मी शेजारी बसून ऐकत होतो. माझा माल कसा बिनकामाचा आहे हे उल्का इतकं मुद्देसूद मांडत होती की क्षणभर मलाही टॅक्स माफ करावासा वाटला.

१३ डिसेंबर, शनिवार

खोली रिकामी.

मंडळाच्या ग्रुपवर 'फुकट' टाकलं होतं. अंगठे आले, माणसं आली नाहीत. मग लिंडा आली. तिच्या चर्चला ख्रिसमसचा देखावा मांडायला तसलं 'सुंदर घर' हवं होतं. एक नेलं, आणि दुसऱ्या दिवशी पिकअप ट्रक घेऊन चारजण आले. रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला घरी मांडायला एक, आणि उरलेली शेजारच्या चर्चला. त्यांचं बाळही वीतभरच असतं, पण सोबत आई-बाप, मेंढ्या, गाढव, तीन पाहुणे आणि उंट. तीन फूट पुरत नाहीत त्यांना.

लिंडाने विचारलं, हे तुम्हाला डोनेशन म्हणून टॅक्समध्ये लावता येईल, किंमत किती लिहू? उल्का माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, लिहू नका.

गराजमधून ट्रक भरताना डोक्यात आलं की पुढच्या वर्षी फक्त ख्रिसमसच्या देखाव्यासाठी, पेणहून, ११० व्होल्टची... ते तिथेच सोडलं. इथे लिहिलं कारण रोजनिशीत खरं लिहावं.

उल्काची गाडी वर्षभराने गराजमध्ये आली. ती बाहेर उभी असताना पडलेल्या एप्रिलच्या गारांचे पोचे तसेच आहेत.

२१ डिसेंबर, रविवार

काउंटीचं दुसरं पत्र आलं. दुरुस्त किंमत अडीच हजारांच्या आत. टॅक्स शून्य. साडेतीन हजार सुटले. बाथरूमवाला मंगळवारी येतो.

इशिता म्हणाली, बाबा, हेही फ्रेम करा.

सकाळी सासूबाईंनी मला खोलीत बोलावलं. आता त्या वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जातात आणि परत येतात, त्याचाच व्यायाम चालला होता. त्यांनी ती पिशवी काढली, एअरपोर्टवर कोणाला घेऊ दिली नव्हती ती. आत सासऱ्यांचा फोटो. दीड महिना उशीखाली ठेवला होता. विचारलं तर म्हणाल्या, लावायला भिंत कुठे होती?

मला फार लाज वाटली. ठराव नाही सुचला, कारणही नाही सुचलं.

पहिल्या पत्राची फ्रेम काढली. त्याच खिळ्यावर फोटो बसला, थोडा तिरका, तो सरळ केला. हार कुठे ठेवायचा म्हणून हातात घेऊन उभा होतो. सासूबाई म्हणाल्या, घाला आता, योग्य माणूस आलाय.